रोज किती पाणी प्यावे, आणि कुठले?

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे : रोज पुरेसे पाणी पिण्याचे आरोग्याला होणारे फायदे. यात व्याख्यान काय द्यायचे, तहान लागली की पाणी प्यायचे, असे कुणी म्हणेल. म्हणणे चुकीचे नाही. पण आपण बोलतो आहोत यवतमाळ जिल्ह्याबद्दल. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बहुतेक घरांचे पोट वावरातल्या कामावर चालते. आणि जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. म्हणून "भरपूर पाणी प्या" एवढाच सल्ला इथे अर्धा पडतो. किती प्यायचे, केव्हा प्यायचे आणि कुठले प्यायचे, हे तिन्ही प्रश्न आपल्याला एकत्रच सोडवावे लागतात. आज तेच क्रमाने पाहू.

शरीर आणि माठ

मोठ्या माणसाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाणी असतो. ६० किलोच्या माणसात ३५ लिटरच्या आसपास. रक्त, लाळ, पाचकरस, सांध्यांमधले वंगण, सगळे त्यातूनच. आपली मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात. लघवीवाटे बाहेर जाते ते दीड-दोन लिटर. म्हणजे शरीर स्वतःच पाण्याच्या बाबतीत फार काटकसरी आहे.

पण एका ठिकाणी ही काटकसर चालत नाही. ते म्हणजे शरीर थंड ठेवणे. माठातले पाणी थंड का होते, हे आपल्याला शाळेत शिकवलेले असते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेर येऊन वाळते आणि वाळताना माठाची उष्णता घेऊन जाते. आपली कातडी हेच करते. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

घरातला कूलर आठवा. मे महिन्यात तो गारेगार हवा देतो आणि जुलैमध्ये पाऊस पडल्यावर तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो. कारण ओल्या हवेत पाणी वाळत नाही. शरीराचेही तसेच. पावसाळ्यात उघाड पडली आणि निंदणाला गेलो, की घाम नुसता गळतो, अंग थंड होत नाही. उलट मेच्या कोरड्या उन्हात घाम आल्या आल्या वाळतो. माणूस म्हणतो, "मला तर घामच आला नाही." संध्याकाळी सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग दिसतात, तेव्हा कळते किती गेला ते. आपल्या भागातला धोका इथेच आहे. पाणी जाताना दिसत नाही.

उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. ६० किलोच्या माणसाचे सव्वा लिटर पाणी कमी झाले, म्हणजे वजनाच्या दोन टक्के, की थकवा लवकर येतो आणि लक्ष उडते. त्याहून जास्त गेले, की रक्ताचे प्रमाण कमी होते, हृदयाचे ठोके वाढतात, शरीर घाम आवरते घेते आणि मग अंगाचे तापमान चढू लागते. आपण ज्याला "ऊन लागले" म्हणतो, तिकडे जाणारा हा एक रस्ता आहे.

आठ पेले कुठून आले?

"रोज आठ पेले पाणी प्या" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. त्यामागे १९४५ साली अमेरिकेतल्या आहारविषयक मंडळाने केलेली एक शिफारस असावी, असे मानले जाते. शिफारस होती दिवसाला अडीच लिटरची. पण त्यातच पुढे लिहिले होते की यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले, दुसरे विसरले. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने आठ पेल्यांसाठी शास्त्रीय पुरावा शोधला. निरोगी, बैठे काम करणाऱ्या, थंड हवेतल्या माणसाला तेवढे पाणी प्यायलाच हवे, असा पुरावा त्याला सापडला नाही.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० साली सांगितलेले आकडे असे : स्त्रियांना दिवसाला एकूण २ लिटर, पुरुषांना अडीच लिटर. या "एकूण"मध्ये वरण, भाजी, ताक, चहा, फळे हे सगळे आले. चहा मोजायचा का? हो, मोजायचा. तोही पाणीच देतो.

पण हे आकडे मध्यम हवेतल्या, मध्यम काम करणाऱ्या माणसाचे आहेत. आर्णीच्या किंवा घाटंजीच्या शिवारात एप्रिलमध्ये बांध घालणारा माणूस, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेली बाई, वीटभट्टीवरचा मजूर, यांना दोन लिटर कसे पुरणार? अशा कामासाठी अमेरिकेची कामगार आरोग्य संस्था 'नायोश' सांगते, की दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे पाव लिटरच्या आसपास पाणी प्या. तहान लागण्याची वाट पाहू नका. आणि तासाला दीड लिटरच्या पुढे जाऊ नका, कारण त्याहून वेगाने आलेले पाणी मूत्रपिंडे बाहेर टाकू शकत नाहीत.

मग प्रत्येकाने आपापले माप कसे ठरवायचे? सगळ्यात सोपी खूण लघवीच्या रंगाची. गव्हाच्या काडासारखा फिकट पिवळा रंग असेल तर ठीक. हळदीच्या पाण्यासारखा गडद झाला तर पाणी कमी पडते आहे. काळ्या चहासारखा झाला तर काम थांबवून दवाखान्यात जायचे. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी गडद पिवळी होते, तेवढे ध्यानात ठेवा. आणि सकाळपासून दुपारपर्यंत एकदाही लघवीला जावे लागले नसेल, तर रंग पाहायचीही गरज नाही. उत्तर मिळालेच.

म्हाताऱ्या माणसांची तहान मंदावते. त्यांना "तहान लागली का?" असे विचारून उपयोग नाही, पेला हातात द्यावा लागतो. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी उन्हाळ्यातही द्यायचे नाही. आईच्या दुधात त्याला पुरेल एवढे पाणी असते. आईने मात्र जास्त प्यायला हवे.

सिद्ध झालेले फायदे

पाण्याबद्दल पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात. कातडी उजळते, शरीरातले विष धुऊन निघते, वजन आपोआप उतरते. या दाव्यांना पक्का आधार नाही. ज्यांना आहे, ते फायदे पाहू.

पहिला मुतखड्याचा. इटलीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्यांदाच मुतखडा झालेल्या लोकांना दोन गटांत विभागले. एका गटाला दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्यायला सांगितले, दुसऱ्याला काही सांगितले नाही. पाच वर्षांनी पाहिले, तर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला आणि दुसऱ्या गटात २७ टक्के लोकांना. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त पाणी. इथे माप लघवीचे आहे, हे लक्षात घ्या. घामात तीन लिटर गेले तर ते भरून वर दोन लिटर लघवी व्हायला हवी.

दुसरा फायदा स्त्रियांचा. वारंवार लघवीची जळजळ, म्हणजे मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना रोज दीड लिटर पाणी जास्त दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. जवळपास निम्म्यावर आला.

तिसरा मूत्रपिंडांचा. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत, ऊसतोडीच्या तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे गेल्या काही दशकांत लक्षात आले. त्यांना ना मधुमेह होता ना रक्तदाब. कारणांवर अजून चर्चा चालू आहे, पण तापत्या उन्हात, विश्रांतीशिवाय, पुरेशा पाण्याशिवाय केलेली मेहनत हे त्यातले मोठे कारण मानले जाते. तिथे मजुरांसाठी जी मोहीम निघाली तिचे सूत्र तीन शब्दांचे होते : पाणी, विश्रांती, सावली. तिन्ही बरोबर. नुसते पाणी देऊन दुपारी दोन वाजता उन्हात राबवून घेतले, तर भागत नाही.

आडोसा नाही म्हणून पाणी नाही

वेचणीला किंवा निंदणाला जाणाऱ्या बायांना विचारा, की तुम्ही दुपारी पाणी का पीत नाही. पाणी नव्हते म्हणून, असे उत्तर दर वेळी येत नाही. "वावरात जायला आडोसा नाही," हेही उत्तर येते. पऱ्हाटी उंच झाली की निदान आडोसा होतो, पण उन्हाळ्यात उघड्या रानात तोही नसतो. मग बाई सकाळी घरून निघतानाच पाणी टाळते आणि दिवसभर लघवी धरून ठेवते. आता आपण जे दोन फायदे पाहिले, मुतखडा आणि संसर्ग, त्यांच्या नेमके उलटे हे चालले आहे.

अशा बाईला "ताई, पाणी जास्त प्या" असे सांगून आपण काय साधतो? तिला हे माहीत आहे. पाणी पिण्याचा सल्ला द्यायचा असेल, तर वावराच्या मालकाने आणि मुकादमाने बांधाच्या कडेला चार बांबू आणि जुन्या साड्यांचा आडोसा उभा करायला हवा. खर्च जवळपास नाहीच. पाण्याची कॅन शेताच्या धुऱ्यावर ठेवण्याऐवजी माणसे जिथे काम करतात तिथे सरकवत न्यायला हवी. आणि घरात? दूर हापशीवरून डोक्यावर गुंड आणणारी बाई बहुधा सगळ्यांचे झाल्यावर शेवटी पाणी पिते. हेही बदलावे लागेल.

कुठले पाणी?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात तोच सगळ्यात अवघड आहे.

फ्लोराइड हा खडकांमध्ये असणारा क्षार आहे. पाणी जमिनीखाली त्या खडकांच्या सहवासात वर्षानुवर्षे राहिले, की तो पाण्यात उतरतो. पांढरकवडा परिसरातल्या भूजलात फ्लोराइड असल्याबद्दलचे संशोधन २००७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात आले. या पाण्याला वास नाही, रंग नाही, वेगळी चव नाही. दिसायला स्वच्छ, बारमाही पाणी देणारी हापशी, म्हणजे गावाच्या दृष्टीने उत्तम स्रोत. पण दिसण्यावरून काही कळत नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की आधी लहान मुलांच्या दातांवर खुणा दिसतात : खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे-तपकिरी डाग. घासून ते जात नाहीत, कारण दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते पडलेले असतात. पुढे मोठ्या माणसांची मान, पाठ, गुडघे आखडतात.

आता एक साधे गणित करू. समजा एका हापशीच्या पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे. ऑफिसात बसणारा माणूस ते दोन लिटर प्यायला, त्याच्या पोटात गेले ४ मिलिग्रॅम. वावरात राबणारा माणूस तेच पाच लिटर प्यायला, त्याच्या पोटात गेले १० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अन्न-पाणी मिळून रोज ६ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड गेले, की हाडांना धोका वाढू लागण्याची चिन्हे दिसतात. हापशी एक, पाणी एक, पण मेहनत करणारा माणूस धोक्याच्या रेषेपलीकडे आणि बसणारा अलीकडे. लिटरमागची मर्यादा ठरवताना माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पितो असे धरलेले असते. म्हणूनच उष्ण प्रदेशात लोक किती पाणी पितात ते पाहून मर्यादा ठरवावी, असे ही संघटनाच सांगते.

यावरून कुणी म्हणेल, मग पाणी कमी प्यावे का? अजिबात नाही. पाणी कमी प्यायलात तर मूत्रपिंडे अडचणीत येतील, आणि फ्लोराइड शरीराबाहेर टाकण्याचे कामही मूत्रपिंडेच करतात. प्रमाण तेवढेच ठेवायचे, स्रोत बदलायचा.

आणखी एक साखळी सांगतो. सांधे आखडले, अंग दुखले, की माणूस दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो. यातल्या अनेक गोळ्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतात. शरीरात पाणी कमी असताना, उन्हात काम करताना घेतल्या, तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. म्हणजे चुकीच्या पाण्याने दुखणे, दुखण्याने गोळी, आणि कमी पाण्यात गोळी. ही साखळी तोडायची असेल तर सुरुवात हापशीपासूनच करावी लागते.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, तपासणी. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झाले. त्यात प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तपासणीच्या पेटीत फ्लोराइडची चाचणीही असते, रंग पट्टीशी ताडून पाहायचा असतो. आपल्या ग्रामपंचायतीत विचारा : पेटी कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली, कुठल्या हापशीचा आकडा किती आला? हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. शंका असेल तर प्रयोगशाळेतून पक्की तपासणी होते.

दुसरी गोष्ट, पाणी वाटून वापरा. आंघोळीने किंवा धुण्याने फ्लोराइड अंगात जात नाही. म्हणून सगळे पाणी बदलायची गरज नसते. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे तेवढे चांगल्या स्रोताचे आणायचे. पाच माणसांच्या घराला उन्हाळ्यात त्यासाठी तीस-चाळीस लिटर पुरावेत. गावात एखादी उथळ विहीर, नळयोजना किंवा पावसाचे साठवलेले पाणी असेल, तर आधी त्याची तपासणी करा. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड नसल्यातच जमा असते. विहिरीच्या पाण्यात जंतू असू शकतात, म्हणून तिथे क्लोरीन किंवा उकळणे हवे.

तिसरी गोष्ट, शुद्धीकरण. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात नलगोंडा पद्धत शोधली. त्यात चुना आणि तुरटी ठरावीक मापात घालून फ्लोराइड खाली बसवतात. माप पाण्याच्या तपासणीवरून ठरते, म्हणून अंदाजाने तुरटी फिरवून हे होत नाही. आरओ यंत्रानेही फ्लोराइड निघते.

चौथी, आहार. दूध, ताक, नाचणी, तीळ यांतले कॅल्शियम आणि आवळा, लिंबू यांतले क जीवनसत्त्व उपयोगी पडते. पण याने पाणी बदलण्याची गरज संपत नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*पाणी उकळले तर फ्लोराइड जाते का?*
नाही. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड तसेच राहते आणि पाणी आटल्यामुळे उलट थोडे घट्ट होते.

*आम्ही थंड पाण्याचा जार घेतो. तो चालेल ना?*
पाणी थंड आहे एवढ्यावरून ते शुद्ध ठरत नाही. जार भरणाऱ्याकडे तपासणीचा कागद मागा, किंवा गावच्या पेटीवर जारचे पाणीही तपासा.

*क्षाराच्या पाण्याने मुतखडा होतो म्हणतात.*
लोक पाण्यातल्या क्षाराला दोष देतात. पण खड्याचे जास्त पक्के कारण आहे कमी होणारी लघवी. क्षाराच्या भीतीने पाणी कमी पिणे म्हणजे खड्याला बोलावणे.

*सकाळी उठल्याबरोबर लिटर-दीड लिटर पाणी प्यावे का?*
एक-दोन पेले जरूर प्या. एकदम लिटरभर प्यायले की काही तासांत बरेचसे लघवीवाटे जाते. दुपारच्या उन्हासाठी ते साठून राहत नाही. पाणी दिवसभरात विभागून प्यावे.

*नुसते पाणी की मीठ-साखरेचे?*
वेळेवर जेवणाऱ्याला मीठ जेवणातून मिळते. बराच वेळ घाम गाळणाऱ्याने मध्ये मीठ घातलेले ताक, पन्हे किंवा अंबाडीचे सरबत घ्यावे. जुलाब होत असतील तर मात्र ओआरएसच हवे. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

*सगळ्यांनीच जास्त पाणी प्यावे का?*
नाही. हृदय कमजोर असलेल्या, मूत्रपिंडे निकामी झालेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेले मापच पाळावे.

*फवारणीच्या वेळी काय काळजी घ्यायची?*
२०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, ते कुणी विसरलेले नाही. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी कधीही नेऊ नका, धुऊनसुद्धा नाही. पाण्याची बाटली फवारणीच्या जागेपासून दूर ठेवा आणि साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय तिला हात लावू नका. मळमळ, धूसर दिसणे, लाळ गळणे सुरू झाले तर पाणी पाजत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

वेळ संपत आली. आज घरी गेल्यावर दोन गोष्टी करा. उद्या दुपारी लघवीचा रंग पाहा, म्हणजे पाणी पुरते की नाही ते कळेल. आणि आपण पितो त्या हापशीचा फ्लोराइडचा आकडा ग्रामपंचायतीत विचारा. पहिल्या गोष्टीला पैसा लागत नाही, दुसरीला थोडा पाठपुरावा लागेल. तो गावातल्या दहा जणांनी मिळून केला तर लवकर होईल.